सातबारा नसलेले पान

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत भांडणाला विषयांची कधी वाण पडलेली नाही. चासकमानचे आवर्तन, खडकवासल्याच्या कालव्याचे शेपटापर्यंत न पोहोचणारे पाणी, उसाची तोड, चौघांची सामाईक विहीर, आणि या साऱ्यांचा आजा शोभेल असा बांध. नांगराच्या फाळाने दरसाल चार बोटे बांध कोरायचा आणि त्या चार बोटांसाठी तीन पिढ्यांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या, हा इकडचा जुना शिरस्ता. पण या भांडणांत एक सोय असते. तलाठ्याकडे गेले की कागद निघतो. गट नंबर, क्षेत्र, आकार, खातेदाराचे नाव, इतर हक्कांत कुणाचा बोजा, सारे सातबाऱ्यावर उतरलेले असते. तो कागद खोटा आहे असे म्हणणारा माणूससुद्धा तो हातात धरूनच म्हणतो.

अलीकडे मात्र एका अशा मिळकतीवरून तंटे उभे राहू लागले आहेत, की जिचा सातबारा कुणाच्याच नावावर नाही. ही मिळकत म्हणजे विकिपीडिया या ज्ञानकोशातले पान. वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी ते रोज उघडले जाते. मुलीला शाळेची प्रकल्पवही भरायची असते, आजोबांना एखाद्या जुन्या नटाचे जन्मसाल हवे असते, आणि दोघांनाही मोबाइलवर पहिल्यांदा गाठ पडते ती याच पानाची. ते लिहिले कुणी, असे मात्र घरात कुणी विचारीत नाही. अक्षर नीटनेटके दिसले की मजकूर खरा, ही आपली जुनी खोड.

पूर्वी या प्रश्नाला उत्तर तरी असे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले, ते अंगावर कर्ज घेऊन आणि गावोगाव वर्गणीदार गोळा करून. पण कोश कुणाचा, याविषयी कुणाच्या मनात संशय नव्हता. वाईस तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोश उभा केला, तेव्हा प्रत्येक नोंदीखाली लेखकाचे नाव असे आणि वर प्रमुख संपादक म्हणून शास्त्रीबुवा असत. चूक सापडली तर वाईला पत्र टाकता येई.

विकिपीडियाचे तसे नाही. २००१ सालच्या १५ जानेवारीस जिमी वेल्स आणि लॅरी सँगर या दोघा अमेरिकनांनी तो सुरू केला. मराठी आवृत्ती २००३ सालच्या १ मे रोजी, म्हणजे नेमकी महाराष्ट्रदिनी, निघाली आणि आता तिच्यात लाखाच्या आसपास लेख आहेत. तो चालवणारी विकिमीडिया फाउंडेशन ही संस्था सॅन फ्रान्सिस्कोची. तिचे उत्पन्न देणग्यांचे. पानावर जाहिरात नाही. पण ही संस्था लेख लिहीत नाही. लिहिणारे तुम्ही-आम्ही. पानाच्या माथ्यावर ‘संपादन’ असा शब्द असतो, तो दाबायचा की झालात संपादक. पगार नाही, खुर्ची नाही, खरे नाव सांगण्याचीही सक्ती नाही.

मराठी विकिपीडियावर ज्यांनी सुरुवातीला कष्ट केले, त्यांच्या रसिकतेला दाद दिली पाहिजे. परक्या कल्पनांना त्यांनी किती घरगुती नावे दिली! नवख्याने गिरवून पाहण्याची जागा ती ‘धूळपाटी’. सर्वांनी जमून बोलायची ती ‘चावडी’. मत मागायचे ते ‘कौल’ लावून. आणि न कंटाळता एकच काम हजार वेळा करणारे यंत्र म्हणजे ‘सांगकाम्या’. नावे वाचूनच गावात आल्यासारखे वाटते. गाव म्हटले की भाऊबंदकी आलीच, हेही ओघाने आले.

या कोशाचा एक नियम मुळातून समजून घेण्यासारखा आहे. लेखाला मालक नसतो. ज्याने लेख सुरू केला त्याचा तो नाही आणि ज्याच्याविषयी आहे त्याचाही नाही. लिहिणाऱ्याचा प्रताधिकार कायद्याने त्याच्याकडे राहतो. पण लिहिता लिहिताच त्याने साऱ्या जगाला परवानगी दिलेली असते, की हे घ्या, वापरा, बदला, वाटल्यास छापून विका. मात्र श्रेय द्या आणि पुढच्यालाही हीच मोकळीक ठेवा. आपल्याकडच्या कित्येक स्पर्धापरीक्षा-पुस्तकवाल्यांना यांतले ‘घ्या, वापरा’ एवढेच ऐकू आलेले दिसते. असो.

मग मालक नसलेल्या जमिनीचा कारभार चालतो कसा? तलाठ्याकडील फेरफाराची वही ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे लवकर कळेल. जमिनीच्या हक्कात बदल झाला की त्याची नोंद गाव नमुना सहामध्ये होते, चावडीवर नोटीस लागते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, हरकत आली तर ती वादग्रस्त प्रकरणांच्या वेगळ्या वहीत जाते आणि शेवटी मंडल अधिकारी सही करतो. विकिपीडियावरही अशी वही आहे. प्रत्येक पानाच्या पाठीशी ‘इतिहास’ नावाचे दुसरे पान असते. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या सदस्याने कोणता शब्द घातला वा काढला, ते तिथे पहिल्या दिवसापासून लिहिलेले असते. शेजारी ‘चर्चा’ नावाचे पान असते. भांडायचे ते तिथे. फरक एवढाच, की इथे फेरफार आधी मंजूर होतो आणि हरकत मागून येते. आणि शेवटची सही करणारा मंडल अधिकारी या गावात नाही. बेशिस्तीला आळा घालणारे ‘प्रचालक’ आहेत, पण खरे-खोटे ठरवणे हे त्यांचे काम नव्हे. एकाने लिहावे, दुसऱ्याने उलटवावे, पहिल्याने पुन्हा लिहावे, असे चालू झाले तर इंग्रजी विकिपीडियावर मर्यादा आहे: चोवीस तासांत एकाच पानावर तीनपेक्षा अधिक वेळा उलटवाउलटव करणाराला काही काळ लिहिण्याची बंदी होते. फारच पेटले तर पानाला कुलूप लागते. मग तीस दिवस जुना आणि पाचशे संपादने केलेला सदस्यच आत जाऊ शकतो.

आपल्या भाषेला हा प्रश्न अगदीच नवा नाही. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या तीनशे वर्षे हातोहात उतरल्या गेल्या आणि उतरणाऱ्यांनी भक्तीच्या भरात आपल्याही ओव्या आत बसवल्या. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि यापुढे कुणी आपली ओवी यात मिसळू नये असे बजावून ठेवले. एवढा थोर संपादक. पण त्यांनी नेमके काय वगळले आणि का, याची यादी मागे नाही. विकिपीडियाच्या ‘इतिहासा’त ती असते, आणि मला या साऱ्या खटाटोपातली ही एकच गोष्ट खरोखर नवी वाटते.

आता नियम कागदावर शोभतात. ते माणसाला लागतात कसे, ते दौंड तालुक्यातल्या एका निवृत्त मास्तरांच्या तोंडून ऐकण्यासारखे आहे. मास्तर सत्तरीच्या पुढचे. नातवाने त्यांना मोबाइलवर मराठी लिहायला शिकवले आणि त्यांनी आपल्या गावाचा लेख लिहायला घेतला. ग्रामदैवत, यात्रा, पहिली शाळा, बहात्तरच्या दुष्काळात गावाने खोदलेला तलाव, सारे मोत्यासारखे लिहिले. देऊळ हेमाडपंती आणि हजार वर्षांचे, असेही लिहिले. आठवड्याने पाहतात तो अर्धा लेख नाहीसा, आणि उरलेल्याच्या अंगावर ‘संदर्भ हवा’ अशी ठिगळे. मास्तरांनी पुन्हा लिहिले. पुन्हा गेले. चार वेळा असे झाल्यावर त्यांनाच एक दिवसाची बंदी झाली.

“जन्मभर मी पोरांना वर्गाबाहेर उभं केलं,” मास्तर म्हणाले, “माझ्यावर ती पाळी आता आली!”

“त्यानं मागितलं काय होतं, मास्तर?”

“संदर्भ. मी म्हटलं, संदर्भ माझे आजोबा. तर म्हणतो, आजोबा चालत नाहीत. अहो, माझ्या गावाविषयी मला विचारायचं सोडून हा मलाच पुरावा मागतो?”

“पण समजा, उद्या शेजारच्या गावच्या कुणी तुमच्या लेखात लिहिलं, की हे देऊळ मुळात आमचं, तर?”

“तर मी त्याला पुरावा मागेन!” मास्तर तडकाफडकी म्हणाले, आणि मग आपल्याच बोलण्यावर हसले. “घ्या, चहा घ्या.”

मास्तरांचा राग तरीही पोकळ नव्हता. त्यांच्या लेखात न कापले गेलेले एक वाक्य होते. ते १८८५ साली निघालेल्या पुणे जिल्ह्याच्या इंग्रजी गॅझेटियरमधून कुणी तरी आणून घातले होते. त्याला पुस्तक होते, संपादक जेम्स कॅम्बेल होते, पृष्ठ होते. म्हणून ते टिकले. “दौंडाला धोंड लिहिणारा साहेब प्रमाण, आणि इथं जन्मलेला मी अप्रमाण!” असे मास्तर म्हणाले तेव्हा मला उत्तर सुचले नाही. खरेच, त्या गॅझेटियरात दौंड ‘धोंड’ आहे आणि शिरूर ‘सिरूर’. पण त्याच पुस्तकात शिरूरच्या एका कबरीची हकीकत आहे. १८०९ साली वारलेल्या कर्नल वॉलेस नावाच्या गोऱ्या अंमलदाराला आसपासचे लोक सत्पुरुष मानून त्याच्या कबरीला मान देत, असे तिथे लिहिले आहे. साहेबाला हे स्वप्नात दिसले नसणार. शिरूरच्या कुणा आजोबांनीच सांगितले असणार. साहेबाच्या पुस्तकात शिरल्याबरोबर आजोबांची आठवण ‘संदर्भ’ झाली. आजोबांचे नाव तेवढे राहून गेले. ज्ञानकोश छापील पुरावा मागतो तेव्हा तो न्यायाचेच वागतो, हे मला मान्य आहे; पण छापण्याची सोय दीडशे वर्षे कुणाच्या हाती होती, हे त्या न्यायात कुठे मोजले जात नाही.

मास्तरांचे भांडण एका देवळाचे. २०२५ सालच्या फेब्रुवारीत जे उसळले ते साऱ्या महाराष्ट्राचे होते. १४ फेब्रुवारीला छत्रपती संभाजी महाराजांच्या जीवनावरचा ‘छावा’ हा चित्रपट लागला. थिएटरातून डोळे पुसत बाहेर पडलेल्या माणसांनी महाराजांविषयी आणखी वाचावे म्हणून मोबाइल उघडला आणि त्यांना इंग्रजी विकिपीडियावर महाराजांच्या चारित्र्याला उणेपणा आणणारी वाक्ये दिसली. ती इथे पुन्हा लिहिण्याचे कारण नाही. त्या वाक्यांना इतिहासकारांच्या पुस्तकांचे हवाले जोडलेले होते, हे खरे. आणि वाचणाऱ्यांच्या जिवाला ती लागली, हेही तितकेच खरे. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पोलिसांच्या सायबर विभागाला विकिपीडियाशी संपर्क साधून मजकूर काढायला लावण्यास सांगितले. महाराष्ट्र सायबरने फाउंडेशनला माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली नोटीस धाडली. मजकूर निघाला नाही, तेव्हा किमान चार संपादकांवर गुन्हा दाखल झाला.

इथे ‘संपादक’ या शब्दाने बराच घोटाळा केला. आपल्या डोळ्यांपुढे संपादक म्हणजे काचेच्या दालनातला, घंटी वाजवून शिपायाला बोलावणारा गृहस्थ. त्याला जाब विचारला तर बिघडले कुठे? पण विकिपीडियाचा संपादक हा बहुधा एखादा विद्यार्थी असतो, किंवा कचेरीतून आल्यावर रात्री तासभर बसणारा कारकून, किंवा आपल्या मास्तरांसारखा पेन्शनर. त्याच्यामागे वकील नाही की संस्था नाही. एका वाक्यासाठी पोलीस दारात येतील असे वाटले, तर तो वाक्य बदलणार नाही. तो लिहायचेच सोडील. मग पान कुणाच्या हाती जाईल? ज्याला भीती नाही त्याच्या, म्हणजे एक तर सात समुद्रांपलीकडच्या, नाही तर ज्याच्यामागे जमाव आहे अशाच्या.

दिल्लीला त्याच सुमारास दुसरा खटला चालू होता. ए.एन.आय. या वृत्तसंस्थेने आपल्याविषयीच्या विकिपीडियाच्या लेखात बदनामी आहे म्हणून २०२४ सालच्या जुलैत दिल्ली उच्च न्यायालयात दोन कोटी रुपयांचा दावा लावला आणि मजकूर लिहिणाऱ्या सदस्यांची माहिती मागितली. पुढे या खटल्याविषयीच विकिपीडियावर एक लेख निघाला. न्यायालयाने तो हटवण्यास सांगितले. फाउंडेशन सर्वोच्च न्यायालयात गेले. २०२५ सालच्या ९ मे रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांनी तो हुकूम रद्द केला. न्यायालय ही लोकांची आणि लोकांसाठी उघडी असलेली संस्था आहे, तिच्यापुढील विषयाची चर्चा आणि टीकाही लोकांना करता आली पाहिजे, असा त्या निकालाचा आशय होता. मूळ बदनामीचा प्रश्न त्याने सुटला नाही, पण लेखावर लेख लिहिता येतो एवढे तरी ठरले.

महाराजांच्या पानाचा वाद मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यात झाला असला, तरी त्याची माती इकडची आहे. १ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वरास महाराज आणि कवी कलश पकडले गेले. त्यांना पेडगावच्या बहादूरगडावर औरंगजेबापुढे आणले. पेडगाव भीमेच्या उत्तर तीरावर, श्रीगोंदा तालुक्यात. नदीच्या अलीकडे दौंड तालुका. त्या किल्ल्याला आता लोक धर्मवीरगड म्हणतात. तोही एक फेरफारच. ११ मार्च १६८९ रोजी भीमा-इंद्रायणीच्या संगमावर तुळापुरास महाराजांची हत्या झाली आणि जवळच्या वढू बुद्रुक गावी, म्हणजे आजच्या शिरूर तालुक्यात, त्यांचे अंत्यसंस्कार झाले. समाधी तिथे आहे.

वढूला मी गेलो तेव्हा समाधीपाशी शाळेची सहल आली होती. मुले चपला काढून रांगेत उभी होती, आणि एवढ्या मुलांच्या गर्दीत इतकी शांतता मी क्वचित पाहिली आहे. अंत्यसंस्कार कुणी केले, या प्रश्नावर याच गावात दोन परंपरा सांगितल्या जातात. एक गोविंद गोपाळ महार यांचे नाव घेते, दुसरी गावच्या शिवले घराण्याचे. २०१७ सालच्या डिसेंबरअखेर गोविंद गोपाळांविषयीचा एक फलक वढूत लागला आणि त्यावरून तंटा झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १ जानेवारी २०१८ रोजी, याच तालुक्यातल्या कोरेगाव भीमाला दगडफेक आणि जाळपोळ झाली आणि एका तरुणाचा जीव गेला. त्या दिवशी १८१८ च्या लढाईला दोनशे वर्षे पूर्ण होत होती. ती लढाईही अशीच दोन तऱ्हांनी वाचली जाते. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरच्या छावणीतून कॅप्टन स्टाँटनची पलटण निघाली आणि सकाळी तिची पेशव्यांच्या फौजेशी गाठ पडली, इथवर कुणाचे दुमत नाही. कोण जिंकले, कुणाविरुद्ध जिंकले आणि त्या जयस्तंभापुढे मस्तक का लववायचे, यावर मात्र दुमत आहे. आणि ज्या स्तंभावर पडलेल्या महार शिपायांची बावीस नावे कोरलेली आहेत, त्याच्याकडे १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते, ते का आले होते, हे न समजून घेता त्या दुमताविषयी बोलण्यात अर्थ नाही.

या साऱ्याच्या कारणांची चौकशी सरकारने आयोग नेमून केली. ते काम माझे नव्हे. मला फलकाविषयी बोलायचे आहे. फलकावर एकच मजकूर मावतो. तो उभा राहिला की एक बाजू जिंकली आणि आडवा झाला की दुसरी. त्याला ‘चर्चा’ नावाचे पान नसते आणि पुसलेले अक्षर पुन्हा दाखवणारा ‘इतिहास’ नसतो. ज्ञानकोशाच्या पानावर ‘एका परंपरेनुसार असे, दुसऱ्या परंपरेनुसार तसे, आणि अमुक कागदात एवढाच उल्लेख’ असे तीन ओळींत लिहिता येते. हे लिहिणे कुणालाच पूर्ण सुखाचे नसते. तरीही दगडापेक्षा ते बरे. म्हणून, विकिपीडियाच्या पानालाही आपण फलकासारखे वागवू लागलो, उखडा नाही तर रोवा एवढेच म्हणू लागलो, की मला धास्ती वाटते.

आणि संभाजी महाराजांच्या बाबतीत तर आपल्यापुढे याहून चांगला दाखला आहे. महाराजांची बदनामी विकिपीडियाने सुरू केली नाही. मल्हार रामराव चिटणिसांनी महाराजांच्या मृत्यूनंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी बखर लिहिली आणि तीत त्यांचे चित्र काळवंडले. चिटणिसांचे पूर्वज बाळाजी आवजी यांना महाराजांनी १६८१ साली देहदंड दिला होता. आजच्या ज्ञानकोशाच्या भाषेत याला हितसंबंधाचा दोष म्हणतात. अशा माणसाने त्या विषयावर हात घालू नये असा तिथला संकेत आहे. पण बखर लिहिली गेली, ग्रँट डफच्या काळापासून बखरींच्या जोरावर इतिहास लिहिले गेले, आणि त्यांतून नाटके-कादंबऱ्यांनी महाराजांना रंगेल आणि उच्छृंखल करून टाकले. दीडशे वर्षे मराठी माणसाने तेच खरे मानून टाळ्या वाजवल्या.

हे बदलले कुणी? वासुदेव सीताराम बेंद्रे यांनी. १८९४ साली जन्मलेला हा माणूस १९१८ पासून १९५८ पर्यंत, चाळीस वर्षे, एका चरित्रामागे लागला. फारसी, इंग्रजी, पोर्तुगीज, डच दप्तरांतले कागद, मराठी पत्रे, निवाडे, सनदा, जे मिळेल ते त्यांनी तपासले. शिवाजी महाराजांचे म्हणून पुस्तकांत छापले जाणारे एक चित्र मुळात भलत्याच माणसाचे आहे हे दाखवून खरे चित्र पुढे आणणारे हेच बेंद्रे. वढूची समाधी महाराजांचीच हे प्रकाशात आणण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते. १९६० साली त्यांचा ‘श्री छत्रपती संभाजी महाराज’ हा ग्रंथ निघाला. पुढे डॉ. कमल गोखले यांनी ‘शिवपुत्र संभाजी’ लिहून तीच वाट पुढे नेली. संस्कृतात ‘बुधभूषणम्’ रचणारा, एकाच वेळी मोगल, सिद्दी आणि पोर्तुगीज यांच्याशी झुंजणारा राजा त्या कागदांतून वर आला. शिवाजी सावंतांची ‘छावा’ कादंबरी आणि तिच्यावरचा चित्रपट यांना पायाखाली जमीन मिळाली ती इथे. बखरीची एकही प्रत कुणी जाळली नाही. ती आजही वाचायला मिळते; फक्त तिच्यावर भिस्त ठेवून कुणी बोलला तर त्याला हटकता येते.

बेंद्रे आज असते आणि त्यांनी स्वतः विकिपीडियावर जाऊन हे लिहिले असते, तर ते काढून टाकले गेले असते. कारण तिथे स्वतःचे नवे संशोधन लिहायला मनाई आहे. आधी ते बाहेर, ग्रंथात, जाणत्यांच्या नजरेखालून छापून यावे लागते. मग दुसऱ्या कुणी तरी ग्रंथाचे नाव, साल आणि पृष्ठ देऊन ते पानावर आणायचे असते. हा दुसरा कुणी तरी कुठे आहे, असा माझा प्रश्न आहे. महाराजांच्या अपमानाने पेटून उठलेल्या लाखो लोकांत बेंद्र्यांचा किंवा गोखल्यांचा ग्रंथ कपाटातून काढून, पृष्ठ उघडून, ‘इथे असे म्हटले आहे आणि त्याचा पुरावा हा’ असे चर्चापानावर शांतपणे लिहिणारे किती निघाले? काही निघाले असतीलच. पण त्यांना ते इंग्रजीत लिहावे लागते, समोरच्याला मराठी ग्रंथ वाचता येत नाही, जुन्या सदस्यांचा तोरा असा की नवख्याला नियमांच्या आद्याक्षरांनीच घाबरवून सोडावे, आणि जुने इंग्रजी पुस्तक एका कळीवर मिळत असताना मराठी ग्रंथाची प्रत मात्र तालुक्याच्या वाचनालयात मिळेलच असे नाही. हे सारे अडथळे खरे आहेत. एका नोटिशीने त्यांतला एकही दूर होत नाही.

मास्तरांनी आपल्या परीने एक केले. गावातल्या चार म्हाताऱ्यांना बसवून त्यांनी देवळाच्या, तलावाच्या आणि यात्रेच्या आठवणी एका वहीत उतरवल्या, आणि यात्रा कमिटीच्या स्मरणिकेत छापून आणल्या. पृष्ठ क्रमांक आठवणीने घातले. हजार वर्षांचे देऊळ मात्र त्यांनी स्वतःच खोडून ‘जुने’ एवढेच ठेवले. मग त्यांनी पानाला हात न लावता चर्चापानावर विचारले, की ही स्मरणिका संदर्भ म्हणून चालेल काय? खाली दोघा सदस्यांची उत्तरे आली आहेत. एक म्हणतो चालेल, दुसरा म्हणतो चालणार नाही. आणि आता मास्तरांना बाजूला ठेवून त्या दोघांचीच जुंपली आहे.